टांकसाळीबाहेरचा ठोका

कारखान्यात माझ्या टेबलावर दोन लाल ट्रे असतात. प्रेसवरून उतरलेला वॉशर, क्लॅम्प, पट्टी, जे काही नापास होतं ते माझ्याकडे येतं आणि मी ते दोनपैकी एका ट्रेमध्ये टाकतो. एक ट्रे डायच्या, पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या दोषाचा, म्हणजे माल बनतानाच चुकला. दुसरा हाताळणीचा, म्हणजे माल चांगला बनला होता, नंतर कुणीतरी पाडला, आपटला, रचताना दाबला. पहिल्या ट्रेसाठी डाय बनवणाऱ्या टूलरूमला बोलणी बसतात, दुसऱ्यासाठी हेल्परांना. त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी माझ्या खांद्याशी उभं असतं. "साहेब, ह्यो डाग डायचाच हाय." "आरं, डाय कालच घासलीय, तुमच्या पोरांनीच आपटलंय." मी भिंग लावतो आणि दिसेल ते सांगतो. रोज एक बाजू नाराज होते. आठवडाभरात दोन्ही होतात. नागापूरला आल्यापासून माझी ओळख एवढीच.

मी पारनेरचा. आमच्या घरात ज्वारीच्या पोत्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. टँकरचं पत्रक, रेशनचं पत्रक, अंगात येणाऱ्या बाईच्या दरबाराविरुद्धचं पत्रक. मला वाचता यायच्या आधी पत्रकाची घडी घालता येत होती. बाजाराच्या दिवशी वडील एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला उभी राहायची, आणि मी मधल्या गर्दीत लोकांच्या पिशव्यांत पत्रकं सरकवायचो. वडील एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. तोंडातून गेलेला शब्द माणूस फिरवू शकतो, छापलेला फिरवता येत नाही. म्हणून खात्री नसेल ते छापायचं नाही आणि खात्री असेल ते दाबायचं नाही. मला हे तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. ते पाळणारा माणूस संध्याकाळी कुणाबरोबर जेवतो, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्याबरोबर आई होती.

नागापूरला आम्ही चौघे एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. मग मोबाईलवर ते व्हिडिओ यायला लागले. अमुक वर्षाचं नाणं, तमुक चिन्हाचं नाणं, छपाईत चुकलेलं नाणं, घरबसल्या लखपती व्हा. खोलीत रोज संध्याकाळी सुटे पैसे पालथे घातले जायचे. आमच्यातला एक पाथर्डीकडचा होता, त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. त्याच्याकडे कड तुटलेलं पाच रुपयांचं नाणं होतं. त्याने व्हिडिओतल्या नंबरवर फोन केला, आणि पलीकडच्या गोड बोलणाऱ्या माणसाने नोंदणीची फी म्हणून त्याचा निम्मा पगार काढून घेतला. माझं डोकं फिरलं. मी एका रात्रीत पत्रक लिहिलं, 'नाण्यांचे लखपती कोण होतात?', आणि कारखान्याच्या गेटवर चिकटवलं. त्यात मित्राचं नाव नव्हतं. पण गेटवर सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्याशी बोलायचं ना," तो म्हणाला. "भिंतीशी कशाला बोलला?"

"हे तुझ्याबद्दल नाही. त्या चोरांबद्दल आहे."

"चोर येनार हाय का गेटवर वाचायला?"

महिनाअखेरीला तिघांनी मिळून दुसरी खोली घेतली. पत्रकातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. खोली मात्र एकदम मोठी झाली.

त्या पत्रकावरून गेटवर एका ड्रायव्हरने मला विचारलं होतं, "मग टांकसाळीत चुकलेलं नाणं नसतंच का?" नसतं म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. असतं म्हणायला मी ते पाहिलेलं नव्हतं. नगर शहरात एका जुन्या वाचनालयाच्या ओसरीवर नाणी जमवणारे पाचसहा जण रविवारी सकाळी बसतात असं कळलं, म्हणून गेलो. सगळे पेन्शनीतले. मी पत्रक पुढे केलं आणि म्हटलं, यात चूक असेल तर दाखवा.

ते घेतलं फक्त एकाने. उंच, खांद्यात वाकलेले, खिशाला दोन पेनं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मग उलटून कोरी बाजूही पाहिली.

"भाषा झणझणीत हाय. नाण्याची माहिती कुठंय?"

"तीच विचारायला आलोय."

"म्हंजे आधी छापलंस आन् मग विचारायला आलास व्हय?"

ओसरी हसली. मीही हसलो. कुणाबरोबर तरी हसून बरेच दिवस झाले होते.

ते एसटीचे निवृत्त कंडक्टर होते. कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणायची रीत आहे, आणि ओसरीवरही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. मूळचे अकोले तालुक्यातले, डोंगरातल्या गावचे. नोकरी मात्र बरीचशी नगर आगारात गेली. शहरात मुलाकडे राहायचे आणि भाताच्या दिवसांत गावी जायचे. सगळी नोकरी चामड्याच्या पिशवीत हात घालून नाणी मोजण्यात गेली, त्यामुळे बोटांनाच कळायचं म्हणायचे, एखादं नाणं वेगळं लागलं की. असं लागलेलं नाणं ते खिशातलं दुसरं पिशवीत टाकून बदलून घ्यायचे. घरी नेऊन भिंगाखाली बघायचे.

त्यांनी मला पहिल्या दिवशी कड तुटलेली दोन नाणी दिली. दोन्ही दिसायला सारखी, एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी.

"ह्यातलं एक टांकसाळीतून असंच आलंय. एक कुनीतरी कानशीनं घासलंय. सांग."

मी तुटलेल्या जागेकडेच बघत राहिलो. कारखान्याची सवय. जिथे दोष दिसतो तिथे भिंग.

"तिकडं न्हाई. समोर बघ. तुटलेल्या जागेच्या बरोबर समोर."

समोरच्या टोकाला एका नाण्याची कड पुसट, बसकी होती. दुसऱ्याची ठसठशीत. मास्तरांनी समजावलं. पत्र्यातून चकत्या कापताना एक चकती आधीच्या भोकावर आली की तिला असा चावा बसतो. मग कड उठवताना चकती यंत्रात दाबली जाते, तर चाव्याच्या बाजूला दाबायला धातूच नसतो, म्हणून समोरच्या बाजूलाही कड नीट उठत नाही. घासणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तो एकाच बाजूचं खोटं बोलतो.

"नान्याकडं पोलिसासारखं बघायचं न्हाई," ते म्हणाले. "पंचासारखं बघायचं. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं."

नंतरचे कितीतरी रविवार मी तिथेच काढले. धातू गेला आहे की नुसता सरकला आहे, हे बघायला शिकलो. मार बसला की धातू कुठेतरी जाऊन उंचवटा करतो. टांकसाळीतल्या चुकीत तो असा ढकलल्यासारखा दिसत नाही. ठशात ग्रीस साचलं की अक्षर गायब होतं, पण ती जागा बाकीच्या नाण्यासारखीच राहते. अक्षर खरवडलं असेल तर तिथे ओरखड्यांची दिशा दिसते. हे सगळं माझ्या दोन ट्रेसारखंच होतं. फरक इतकाच की इथे उत्तर दिल्यावर कुणी चिडत नव्हतं. मास्तर लवकर येऊन बाकावर स्वतःशेजारी पिशवी ठेवायचे, आणि मी आलो की उचलायचे. "जागा धरली हुती. बस." आठवड्यात माझ्यासाठी धरलेली जागा तेवढी एक होती.

मास्तरांचं स्वतःचं नाणं मला चौथ्या की पाचव्या रविवारी बघायला मिळालं. ते चुन्याच्या डबीत असायचं, खाली कापूस. दोन रुपयांचं, स्टीलचं. त्याच्या तोंडावर एक कमान उमटली होती, आणि कमानीच्या आतल्या बाजूला बारीक बारीक खाचा ओळीने. दोनचा आकडा कमानीखाली अर्धा दबलेला. मागची बाजू मधोमध सपाट. नागापूरची शिफ्ट सुटते त्या वेळच्या गाडीत ते त्यांच्या पिशवीत आलं होतं.

"दुबार ठोका," मास्तर म्हणाले. आवाज खाली गेला होता. "येकदा छापलं, बाहेर पडताना अडकलं, त्यावर पुन्हा ठसा बसला. ही कमान म्हंजे दुसऱ्या वेळची कड. ह्या खाचा म्हंजे कडंचे मनी."

"मागे का नाही उमटलं?"

"खाली कोरी चकती आली असंल. तिच्यावर दाबलं ग्येलं, म्हनून सपाट."

"आणि ही मधे एक खाच कमी आहे."

"ग्रीस."

प्रत्येक शंकेला उत्तर होतं, आणि उत्तरं चुकीची नव्हती. अशा गोष्टी टांकसाळीत होतात. मला पटलं. ओसरीवर सगळ्यांनाच पटलेलं होतं. इतरांकडे जुनी चांदीची, संस्थानांची, नवाबांची नाणी होती. मास्तरांकडे सारी चिल्लर, आणि त्या चिल्लरमध्ये हे एक, ज्याच्यासाठी चांदीवाले खुर्ची ओढून जवळ यायचे.

पावसाळा संपता संपता ओसरीने ठरवलं की शाळांच्या मुलांसाठी प्रदर्शन भरवायचं. मुलांनाही ते व्हिडिओ माहीत होते, म्हणून सोबत एक पत्रक द्यायचं: टांकसाळीतली चूक कशी ओळखावी आणि नाण्याला बसलेला मार कसा ओळखावा. लिहिणार मी. पहिल्या पानावर मोठा फोटो मास्तरांच्या नाण्याचा.

"खाली माझं नाव नको," मास्तर म्हणाले. "नुसतं लिव्ह, नगर आगाराच्या गाडीत सापडलं."

त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं की ते त्यांनी आधीच मनात छापून घेतलंय हे कळत होतं. मीही जीव ओतून लिहिलं. गेटवर चिकटवलेल्या पत्रकात राग होता. यात मला पहिल्यांदा काहीतरी सांगायचं होतं.

मग खंडेनवमी आली. पूजाअर्चेत मी जात नाही, पण कारखान्यात त्या दिवशी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी करतात, आणि कुणी गेलं नाही तर ते दिसतं. मी दाराशी उभा राहिलो. आमच्याकडे कोपऱ्यात एक हाताने फिरवायचा प्रेस आहे, मालकांनी ज्याच्यावर सुरुवात केली तो. एरवी त्याच्यावर टोप्या टांगलेल्या असतात. त्या दिवशी पहिला मान त्याचा. सगळ्यांत जुन्या कामगाराने त्यात एक गंजकी डाय बसवली, दातेरी वॉशरची. तिच्यावर विड्याचं पान नाही, सुपारी नाही, तर दोन रुपयांचं एक नाणं ठेवलं.

"नवीन कोण हाय ह्या साली? ये की हिकडं. दारात काय उभा, पावना हाय का?"

मी गेलो. त्यांनी दांडा फिरवला. एकच ठोका. मग नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

"घरी देवापुढं ठेव. तुझ्या हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत राहतील. आमची समद्यांची हायत, बघ." आणि खरंच सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवली. एकाने एक बोट दुमडून ठेवलं होतं, त्यावरून हशा झाला.

"ही डाय वापरात नाही का?" मी विचारलं.

"दात तुटलाय तिचा. म्हनून तर पूजेला. चांगली डाय कोन खराब करील?"

मी तळहाताकडे बघितलं. कमान. खाचा. आणि मधे एक खाच कमी.

दसऱ्याच्या सुट्टीच्या दुपारी मी दारात उन्हाला बसून मास्तरांच्या नाण्याचा मोठा फोटो, पत्रकासाठी काढलेला, आणि माझं नाणं शेजारी ठेवून बघितलं. तुटलेल्या दाताच्या दोन्हीकडच्या खाचा मोजायची गरजही पडली नाही. एक खाच थोडी तिरकी होती, ती दोन्हीकडे तिरकी होती. मागची सपाटी प्रेसच्या ओट्याची. ती गाडी नागापूरची, नाणं नागापूरचं, सगळं इतकं सरळ बसत होतं की मला त्याचा राग आला. टेबलावर असं काही आलं असतं तर मी एका क्षणात ट्रेमध्ये टाकलं असतं. बाहेर वस्तीत लोक एकमेकांना आपट्याची पानं देत फिरत होते. माझ्या दाराशी कुणी थांबलं नाही, आणि मीही कुणाकडे गेलो नाही.

गप्प बसावं का, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. नाणं पुन्हा कुणाला दाखवायचं नाही, फोटो छापायचा, मुलं बघतील, मास्तर काचेशेजारी उभे राहतील. कुणाचं काय बिघडणार होतं? पण त्या फोटोखाली मीच लिहिलेल्या ओळी असणार होत्या, आणि त्या वाचून एखादा पाथर्डीचा पोरगा कारखान्यात मिळालेलं पूजेचं नाणं घेऊन फोन फिरवणार होता. माझी खात्री होती, आणि खात्री असेल ते दाबायचं नाही. इथपर्यंत सरळ होतं. पुढचं सरळ नव्हतं. मास्तरांच्या समोर बसायचं होतं.

रविवारी त्यांना ओसरीवर न नेता मी बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर नेलं. टपरी एक बाई चालवायच्या, मास्तरांना नोकरीपासून ओळखणाऱ्या.

"आज ओसरीला दांडी व्हय मास्तर? पोरानं बिघडवलं तुमाला."

"पोरगंच हाय बिघडलेलं, मी काय करू?"

मी माझं नाणं बाकावर ठेवलं आणि सांगून टाकलं. कुठून आलं, कसं आलं, डायचा दात. मी पाठ केल्यासारखं बोललो बहुधा. मास्तरांनी डबी काढली, त्यांचं नाणं शेजारी ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं. आधी एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. चहा निवला.

"तिरकी खाच," ते म्हणाले.

"हो."

"मागची सपाटी सारखीच हाय."

"हो."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं ते भांडतील. मी भांडणाची तयारी करून आलो होतो, फोटो आणला होता. त्यांनी वेगळंच विचारलं.

"देवापुढं ठेवायचं म्हनून दिल्यालं नानं. ते माझ्या पिशवीत कसं आलं?"

"तिकिटाला दिलं असेल कुणीतरी."

"पूजेचं नानं तिकिटाला कोन देतं?"

"ज्याच्याकडे त्या दिवशी दुसरं नसेल तो."

मास्तरांनी स्टँडकडे बघितलं. एक गाडी मागे येत होती आणि एक पोरगा पत्र्यावर थाप मारून चालकाला अंदाज देत होता.

"आन् मी बदलून घेतलं," ते म्हणाले. "खिशातलं दुसरं टाकून. लई खूश झाल्तो त्या दिवशी. घरी जाऊन बायकोला उठवलं हुतं."

मी म्हटलं, "नाणं काही वाईट नाही, मास्तर. फक्त..."

"फक्त टांकसाळीतलं न्हाई."

"हो."

ते उठले. बाईंना चहाचे पैसे दिले, नेहमीसारखे सुट्ट्यात. मास्तरांनी मोजलं, आणि शेवटचं दोनचं नाणं डबीतून काढून त्यात ठेवलं. बाईंनी न बघता सगळं गल्ल्यात लोटलं. मी बघितलं, आणि मी बघितलं हे मास्तरांनी बघितलं. "येतो," म्हणून ते निघाले. ओसरीकडे नाही, घराकडे.

ते वळल्यावर मी बाईंकडे गल्ला मागितला. "आता काय लाख रुपये शोधतोस व्हय त्यात?" त्या म्हणाल्या, पण पुढे सरकवला. नाणं वरच होतं. मी दुसरं टाकून ते घेतलं.

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. भात काढायला गावी गेले, असं ओसरीवर कळलं. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. ओसरीवरचे चांदीवाले गृहस्थ एरवी मऊ बोलायचे. ते म्हणाले, "तू बरोबर असशील. पण त्यांना सांगून काय मिळवलंस? प्रदर्शन झाल्यावर सांगायचं."

"मुलांच्या हातात खोटं दिल्यावर?"

"मुलांना काय कळतंय रे दोन रुपयांच्या नाण्यातलं?"

मी खूप बोललो. ते सगळं खरं होतं आणि आज ते इथे लिहावंसं वाटत नाही. ते ऐकून घेत राहिले, मग नाणी पुसायला लागले. पहिल्या पानाचं काय करायचं ते तू ठरव, म्हणाले. बाकावर माझ्या शेजारी पुष्कळ जागा होती.

मी अकोल्याला गेलो. संगमनेरला गाडी बदलली, अकोल्याहून जीप, मग फाट्यापासून पायी. मास्तर खळ्यावर होते, डोक्याला टॉवेल, पेंढ्या झोडत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"ह्यो नगरचा," त्यांनी बायकोला सांगितलं. "नान्यावाला. भाकरी टाक."

मी जेवलो. नव्या तांदळाचा भात होता, त्याच्या वासानेच पोट भरावं असा. मास्तरांनी मला पिकाचं सांगितलं, धरणाच्या पाण्याचं सांगितलं, जीपवाले कसे माणसं कोंबतात ते सांगितलं. नाण्यांचं काही नाही. शेवटी मीच ते खिशातून काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"दुकानात चालतं ना?"

"चालतं."

"मग चालव की. मला दाखवायला येवढ्या लांब कशाला आलास?"

"पत्रक छापायचं राहिलंय. पहिल्या पानावर माझ्या नाण्याचा फोटो टाकतो. नंतरचा मार कसा दिसतो, ते दाखवायला."

"मार लिवू नको," मास्तर पटकन म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार आली. "तू बघितलास ना ठोका देताना? रागानं दिला हुता का? चुकून बसला हुता? आरं, पोराची बोटं राहावीत म्हनून दिला. आन् तू त्याला मार म्हननार?"

"टांकसाळीच्या बाहेर बसला तो मार. सगळीकडे तसंच म्हणतात."

"म्हनू दे सगळ्यांना."

मी वाद घातला नाही, त्याचं मलाच नवल वाटलं. माझ्या टेबलावर दोनच ट्रे आहेत आणि तिसऱ्याची मला कधी गरज वाटली नव्हती. मास्तर मला फाट्यापर्यंत सोडायला आले. पिशवीत त्यांच्या बायकोने तांदूळ दिला होता. "ही गाडी बरी मिळाली," ते म्हणाले. "दुपारची ही चुकली की उद्या सकाळपातुर दुसरी न्हाई." गाडी आली तेव्हा त्यांनी सवयीने पत्र्यावर दोनदा थाप मारली. परत कधी येणार, हे मी विचारलं आणि गाडी सुरू झाल्यामुळे उत्तर ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी दिलं नाही.

पत्रक छापलं. पहिल्या पानावर माझं नाणं. खाली लिहिलं: 'टांकसाळीबाहेरचा ठोका. कारखान्यात पूजेच्या दिवशी दिलेला. हे नाणं चुकीचं नाही आणि दुर्मीळही नाही. त्याची किंमत दोन रुपये.' त्या ओळीत खोटं काही नाही, हे मी पुन्हा पुन्हा तपासलं.

प्रदर्शनाला मुलं आली, गोंगाट झाला, काचांवर बोटांचे ठसे उमटले. काही मुलांनी पत्रकाची विमानं केली. एका मुलीने मला विचारलं, "मग ह्यांनी हे खर्च का नाही केलं?" मी म्हटलं, अशातलंच एक एकाने केलं होतं खर्च. ती पुढच्या काचेकडे गेली. दुपारपर्यंत कुणी उंच माणूस दारातून आला की मी बघायचो. दुपारनंतरही बघायचो.

संध्याकाळी टेबलं उचलल्यावर मी मास्तरांना फोन केला. बराच वेळ वाजला, मग त्यांनी उचलला.

"झालं का प्रदर्शन?"

"झालं."

"पोरं आल्ती?"

"पुष्कळ. पत्रकं थोडी उरली."

"उरायचीच."

"मार नाही लिहिलं मी."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं आणि कुणीतरी भांडी घासत होतं. पुढच्या रविवारी येताय का, हे माझ्या ओठांवर होतं, आणि त्यांनाही ते कळलं असावं.

"बरं," मास्तर घाईने म्हणाले, "ठेवतो आता. फाट्यावर हाय मी. गाडी आली."

अंधार पडला होता. त्या फाट्यावर त्या वेळी कुठलीच गाडी येत नाही.

"बसा, मास्तर," मी म्हटलं. "सावकाश चढा."